वाचकांचे प्रश्न: हाताची दुखणी आणि बाह्यरुग्ण उपचारांचा खर्च

बोट अडकणे, मनगटाजवळ कळ येणे, रात्री हाताला मुंग्या येणे अशा तक्रारींविषयी या सदराकडे बरीच पत्रे आली आहेत. त्यांपैकी बहुतेकांत आजाराची माहिती थोडी आणि पैशांची काळजी जास्त आहे, आणि ती काळजी रास्त आहे. एकाच दुखण्यासाठी दोन ठिकाणी सांगितलेल्या खर्चात कित्येक पटींचा फरक असू शकतो. हा फरक पुष्कळदा आजाराच्या गंभीरपणामुळे पडत नाही. उपचार कोणत्या खोलीत होणार, कोणती भूल दिली जाणार आणि त्याआधी किती तपासण्या होणार, यावर तो ठरतो. या वेळी निवडलेली पाचही पत्रे याच प्रश्नाभोवतीची आहेत. पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे दिलेली नाहीत.

प्रश्न: मी शिवणकाम करते, वय ५२. उजव्या हाताची अनामिका सकाळी मुडपलेलीच असते. दुसऱ्या हाताने ती सरळ करावी लागते, तेव्हा टक्कन आवाज होतो आणि तळहातातून कळ जाते. एका डॉक्टरांनी इंजेक्शन सुचवले, दुसऱ्यांनी थेट शस्त्रक्रिया. आधी इंजेक्शन घेतले आणि ते लागू पडले नाही, तर ते पैसे वाया जाणार नाहीत का?

उत्तर: आपण केलेले वर्णन ट्रिगर फिंगरचे आहे. बोट मिटवणारी दोरी, म्हणजे कंडरा, तळहातात बोटाच्या मुळाशी एका अरुंद कड्यातून सरकते. हे कडे जाड झाले की कंडरा त्यात अडकते आणि जोर लावल्यावर एकदम सुटते. तो सुटण्याचा क्षण म्हणजेच आपल्याला जाणवणारा ‘टक्क’. तळहातावर, अनामिकेच्या मुळाशी दुसऱ्या हाताचे बोट ठेवून अनामिका हळूहळू हलवून पाहिलीत, तर एक छोटी गाठ खालून सरकताना लागेल. निदानाला एवढे पुरते. त्यासाठी एक्स-रे, सोनोग्राफी किंवा एमआरआय सहसा लागत नाही, म्हणजे खर्चाचा पहिला टप्पा इथेच वाचतो. तक्रार नवी आणि सौम्य असेल, तर काही आठवडे रात्री बोट सरळ ठेवणारी छोटी पट्टी वापरून पाहण्यासही हरकत नाही.

आता आपला मूळ प्रश्न. कड्याजवळ दिलेल्या स्टिरॉइडच्या एका इंजेक्शनाने निम्म्याहून अधिक रुग्णांना आराम पडतो. काहींचा त्रास काही महिन्यांनी परत येतो आणि त्यांच्यापैकी काहींना दुसरे इंजेक्शन उपयोगी पडते. म्हणून पैशांचा हिशेब एका माणसाचा न करता शंभर जणांचा करून पाहावा. शंभरही जणांना थेट शस्त्रक्रियेला पाठवले तर शंभर शस्त्रक्रियांचा खर्च होतो. आधी इंजेक्शन दिले तर त्यांतल्या मोठ्या गटाची शस्त्रक्रिया टळते, आणि उरलेल्यांनी इंजेक्शनावर केलेला खर्च त्या बचतीपुढे लहान ठरतो. अमेरिकेतील तज्ज्ञांनी २००९ मध्ये उपचारांच्या वेगवेगळ्या क्रमांची अशीच तुलना केली होती. त्यांना सर्वांत कमी खर्चाचा आढळलेला क्रम असा: आधी एक इंजेक्शन, गरज पडल्यास दुसरे, आणि तेही अपुरे पडले तरच शस्त्रक्रिया. तेव्हा आपल्या बाबतीत इंजेक्शनाचे पैसे वाया जाण्याची भीती मनातून काढून टाकावी, असे मला वाटते. तिसऱ्या आणि चौथ्या इंजेक्शनाच्या मागे मात्र लागू नये, कारण दर वेळी यशाची शक्यता घटत जाते आणि कंडरेला इजा होण्याचा धोका वाढतो.

आपल्याला मधुमेह आहे की नाही, हे पत्रात लिहिलेले नाही. असल्यास हिशेब बदलतो. मधुमेहींमध्ये इंजेक्शनाचे यश कमी असते आणि त्यानंतर काही दिवस रक्तातील साखर वाढलेली राहते. मधुमेही रुग्णांसाठी २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका खर्चतुलनेत, बाह्यरुग्ण दवाखान्यातच स्थानिक भूल देऊन कडे मोकळे करणे सर्वांत स्वस्त ठरले होते. यातील ‘दवाखान्यातच’ हा शब्द महत्त्वाचा आहे. हीच काही मिनिटांची शस्त्रक्रिया मोठ्या ऑपरेशन थिएटरमध्ये नेली की हे गणित कोलमडते. म्हणून दुसऱ्या डॉक्टरांनी सुचवलेली शस्त्रक्रिया ते कुठे आणि कोणत्या भुलीखाली करणार आहेत, हे आधी विचारून घ्यावे.

प्रश्न: रोज रात्री अंगठा, तर्जनी आणि मधले बोट बधिर होऊन जाग येते. हात झटकला की थोडे बरे वाटते. मला मनगटाचा एमआरआय, नर्व्हची तपासणी, रक्ताच्या अनेक चाचण्या आणि त्यानंतर संपूर्ण भूल देऊन शस्त्रक्रिया व एक दिवस भरती, असे सांगितले आहे. एकूण आकडा माझ्या आवाक्याबाहेरचा आहे. उपचार पुढे ढकलू का?

उत्तर: पुढे ढकलू नका, पण सांगितलेले सगळे जसेच्या तसे स्वीकारूही नका. या दोन्ही गोष्टी एकत्र कशा साधतील, ते जरा विस्ताराने लिहितो.

रात्री जाग येणे, हात झटकल्यावर बरे वाटणे आणि करंगळी मोकळी असणे ही कार्पल टनेल सिंड्रोमची ठळक लक्षणे आहेत. मनगटाच्या पुढच्या बाजूस हाडे आणि एक जाड अस्थिबंध यांच्यामध्ये बोगद्यासारखी जागा असते. तिच्यातून बोटांच्या नऊ कंडरा आणि मीडियन नर्व्ह जाते. जागा अपुरी पडली की आधी नर्व्ह दबते. अनुभवी डॉक्टर रुग्णाची कहाणी ऐकून आणि मनगट मिनिटभर वाकवून ठेवून, म्हणजे फालेन चाचणी करून, बहुतेक वेळा निदानापर्यंत पोहोचतात. नेहमीच्या रुग्णात एमआरआयने उपचार बदलत नाहीत, त्यामुळे ‘या तपासणीच्या निकालाने तुमचा निर्णय कसा बदलेल?’ हा प्रश्न विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. नर्व्हची तपासणी वेगळी. निदान शंकास्पद असेल, त्रास मानेतून येत असावा असे वाटत असेल किंवा शस्त्रक्रिया ठरत असेल, तर ती उपयोगी पडते. रक्तातील साखर आणि थायरॉइड अलीकडे तपासले नसतील तर तेही योग्य, कारण मधुमेह आणि मंद थायरॉइड यांचा या त्रासाशी संबंध आहे.

त्रास सौम्य किंवा मध्यम असेल, तर शस्त्रक्रियेआधी दोन स्वस्त पायऱ्या आहेत. पहिली म्हणजे रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा. झोपेत मनगट दुमडले की बोगद्यातला दाब वाढतो, आणि पट्टा नेमके तेच रोखतो. तो घट्ट आवळू नये आणि किमान सहा आठवडे रोज रात्री वापरावा. चार रात्री बांधून कपाटात ठेवला तर त्यावर केलेला खर्च खरोखरच वाया जातो. दुसरी पायरी म्हणजे मनगटात स्टिरॉइडचे एक इंजेक्शन. इंग्लंडमध्ये झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या दोन उपचारांची थेट तुलना केली गेली. सहा आठवड्यांनी इंजेक्शन घेतलेल्यांना अधिक आराम होता, सहा महिन्यांनी मात्र दोन्ही गटांत ठळक फरक उरला नव्हता. लवकर आराम हवा असेल तर इंजेक्शन आणि थांबण्याची तयारी असेल तर पट्टा, असा याचा व्यवहारातला अर्थ मी घेतो.

शस्त्रक्रिया लागलीच, तर खर्चाचा सर्वांत मोठा भाग टाळण्याची संधी इथे आहे. संपूर्ण भूल द्यायची म्हणजे भूलतज्ज्ञ, भुलीपूर्वीच्या चाचण्या, उपाशीपोटी येणे, थिएटरचे भाडे, नंतरची देखरेख आणि खाट, हे सारे ओघाने आलेच. तोच अस्थिबंध मोकळा करण्याचे काम स्थानिक भूल देऊन, लहान शस्त्रक्रियांच्या खोलीत करता येते. कॅनडातील शल्यविशारद डोनाल्ड लालोंड यांनी ही जागेपणीची पद्धत जगभर रुजवली. भूल देणाऱ्या लिडोकेनमध्ये थोडे अ‍ॅड्रेनालिन मिसळतात. त्याने तिथल्या रक्तवाहिन्या आकुंचित होतात, रक्तस्राव कमी होतो आणि दंडावर आवळायच्या दाबपट्ट्याची, त्याच्या वेदनेची व त्यासाठी लागणाऱ्या गुंगीची गरज उरत नाही. इंजेक्शन दिल्यावर साधारण अर्धा तास थांबावे लागते. तेवढ्यात तळहाताची ती जागा फिकट, जवळजवळ पांढरी पडते, आणि तिकडे पाहून रुग्ण घाबरतात. पण भूल आणि औषध दोन्ही काम करत असल्याची ती खूण असते. बोटांत अ‍ॅड्रेनालिन दिले तर बोट काळे पडते, हा समज पिढ्यान्‌पिढ्या वैद्यकीय शिक्षणात शिकवला गेला होता. कॅनडातच २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत हात आणि बोटांच्या सलग ३,११० रुग्णांमध्ये ते वापरले गेले. एकाचेही बोट गमावले गेले नाही आणि औषधाचा परिणाम उलटवण्याची वेळही एकदाही आली नाही.

स्वस्त म्हणजे कमी सुरक्षित, ही शंका स्वाभाविक आहे. लहान खोलीत, मर्यादित निर्जंतुक आच्छादने वापरून केलेल्या १,५०४ कार्पल टनेल शस्त्रक्रियांचा कॅनडातील अहवाल २०११ मध्ये आला. त्यात वरवरच्या जंतुसंसर्गाचे प्रमाण ०.४ टक्के होते आणि खोल संसर्ग एकही नव्हता. त्याआधी, २००७ मध्ये, तिथल्याच तुलनेत असे दिसले होते की ही शस्त्रक्रिया मुख्य थिएटरमध्ये करण्याचा खर्च बाह्यरुग्ण व्यवस्थेतल्या खर्चाच्या जवळजवळ चौपट येतो आणि तेवढ्याच वेळात निम्म्याहूनही कमी शस्त्रक्रिया होतात. हे गुणोत्तर सगळीकडे तंतोतंत लागू होईल असे मी म्हणत नाही. आरोग्यव्यवस्था बदलली की आकडे बदलतात, फरकाची दिशा मात्र बदलण्याचे कारण दिसत नाही.

थिएटर आणि गाढ भूल खरोखर लागणारे रुग्णही असतात. पूर्वी त्याच मनगटावर शस्त्रक्रिया झालेली असणे, सोबत मोठी दुरुस्ती करायची असणे, किंवा सुईच्या विचारानेच गळून जाण्याइतकी भीती असणे, अशी कारणे असू शकतात. आपल्या बाबतीत तसे कारण आहे का, हे डॉक्टरांना शांतपणे विचारा. नसल्यास स्थानिक भुलीखाली करणाऱ्या दुसऱ्या शल्यविशारदांचे मत घ्या.

आता ढकलण्याविषयी. दोन्ही हात टेबलावर तळवे वर करून ठेवा आणि अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या मांसल उंचवट्यांची तुलना करा. दुखऱ्या हाताचा उंचवटा सपाट झाला असेल, सदऱ्याची बटणे लावताना बोटे चाचपडत असतील, किंवा मुंग्या आता दिवसभर राहत असतील, तर नर्व्हचे नुकसान पुढे गेले आहे. अशा वेळी पट्ट्यावर वेळ घालवणे ही बचत नव्हे. गेलेला स्नायू शस्त्रक्रियेनंतरही पूर्ण परत येईलच असे नसते, आणि ज्याचे पोट हातावर अवलंबून आहे त्याला ते नुकसान कुठल्याही बिलापेक्षा महाग पडते.

प्रश्न: मनगटाच्या मागच्या बाजूला वाटाण्याएवढी गाठ आहे, दुखत नाही. काढून टाकली तर खर्च किती आणि परत येणार नाही ना?

उत्तर: दुखत नसेल तर बहुधा काहीच करायला नको. ही गँग्लिऑन नावाची, घट्ट पारदर्शक द्रवाने भरलेली निरुपद्रवी गाठ असावी. अंधाऱ्या खोलीत तिच्यावर टॉर्च धरली तर ती आतून उजळते. अशा गाठींपैकी साधारण निम्म्या काही वर्षांत आपोआप नाहीशा होतात. सुईने द्रव काढणे स्वस्त असते, पण पुष्कळदा गाठ पुन्हा भरते. शस्त्रक्रियेनंतर परत येण्याचे प्रमाण कमी असले तरी शून्य नाही, शिवाय व्रण आणि मनगटाचा काही काळचा ताठरपणा सोसावा लागतो. जड पुस्तक आपटून ती फोडण्याचा जुना प्रकार मात्र कृपया करू नये. गाठ झपाट्याने वाढत असेल, दगडासारखी कडक असेल, तिच्यात ठोके जाणवत असतील किंवा ती मनगटाच्या पुढच्या बाजूला नाडीजवळ असेल, तर मात्र तपासणीचा खर्च टाळू नये.

प्रश्न: बाळ तीन महिन्यांचे आहे. त्याला उचलताना अंगठ्याच्या बाजूने मनगटात असह्य कळ येते. वीस सत्रांची फिजिओथेरपी एकदम पैसे भरून घ्यायला सांगितले आहे. ती आवश्यक आहे का?

उत्तर: एवढी सत्रे आधीच विकत घेऊ नयेत. या दुखण्याला स्विस शल्यविशारद फ्रिट्झ द केर्व्हँ यांचे नाव मिळाले आहे. त्यांनी त्याचे वर्णन १८९५ मध्ये केले होते. अंगठा बाजूला नेणाऱ्या दोन कंडरा मनगटाजवळ ज्या म्यानातून जातात ते जाड होते. बाळंतपणानंतरच्या महिन्यांत हा त्रास फार आढळतो, आणि अनेक मातांमध्ये तो काळाबरोबर ओसरतो.

पहिला उपाय बिनखर्चाचा आहे. अंगठे फाकवून, बाळाच्या काखांत हात घालून त्याला उचलण्याची आपली सवय असणार. त्याऐवजी तळवे वर करून एक हात कुल्ल्यांखाली आणि दुसरा मानेखाली सरकवावा, मनगटे सरळ ठेवावी आणि भार कोपरांवर व दंडांवर घ्यावा. दूध पाजताना बाळाचे डोके वाकवलेल्या मनगटावर तोलू नये, खाली उशी घ्यावी. दुसरा उपाय म्हणजे अंगठ्यालाही आधार देणारा पट्टा. फक्त मनगटाचा पट्टा घेतला तर अंगठा मोकळाच राहतो आणि पैसे व्यर्थ जातात. ही चूक मी फार वेळा पाहिली आहे. पट्टा बसवून घेण्यासाठी आणि हालचाली शिकण्यासाठी एक-दोन सत्रे पुरेशी होतात. शेक आणि यंत्रांच्या लांबलचक मालिकेने टिकाऊ फायदा होतो, याला भक्कम आधार नाही.

एवढ्याने भागले नाही तर म्यानात दिलेले स्टिरॉइडचे एक इंजेक्शन बहुतेकांना पुरते. आपण स्तनपान देत आहात हे डॉक्टरांना आधी सांगावे. इंजेक्शनाच्या जागी त्वचा फिकट पडू शकते किंवा थोडी खोलगट होऊ शकते, याचीही कल्पना असू द्यावी.

प्रश्न: अडकणाऱ्या बोटाची छोटी शस्त्रक्रिया स्थानिक भूल देऊन ठरली आहे. कागदावर छातीचा एक्स-रे, ईसीजी, रक्तचाचण्या, सात दिवसांची प्रतिजैविके आणि एक दिवसाआड ड्रेसिंग लिहिले आहे. मी रोजंदारीवर आहे. यातले काय खरोखर लागते?

उत्तर: आपल्या यादीतील बहुतेक गोष्टी एखाद्या मोठ्या शस्त्रक्रियेच्या छापील नमुन्यावरून आलेल्या दिसतात. निरोगी माणसाच्या बोटावर स्थानिक भुलीखाली होणाऱ्या शस्त्रक्रियेसाठी छातीचा एक्स-रे आणि ईसीजी सहसा लागत नाहीत. आपल्याला हृदयविकार, मधुमेह किंवा दुसरा जुना आजार असेल तर तो सांगावा, मग त्यानुसार एखादी चाचणी योग्य ठरेल. स्वच्छ आणि छोट्या हस्तशस्त्रक्रियेसाठी सरसकट प्रतिजैविके देण्याचे कारण नसते. वेदनेसाठी बहुतेकांना पॅरासिटामॉलसारखे साधे औषध आणि पहिले दोन दिवस हात छातीपेक्षा उंच ठेवणे पुरते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती स्वतःच्या मनाने बंद करू नये.

रोजंदारीचा उल्लेख आपण केलात हे बरे झाले, कारण खरा खर्च तिथे आहे आणि तो कुठल्याच बिलावर छापलेला नसतो. दवाखान्याची प्रत्येक खेप म्हणजे बुडालेली मजुरी, जाण्यायेण्याचे भाडे, आणि सोबत कुणी आले तर त्याचीही रोजी. म्हणून खेपा कमी कशा होतील ते आधी ठरवून घ्या. विरघळणारे टाके घालता येतील का, ते विचारा. नेहमीचे टाके असतील तर ते साधारण दहा ते चौदा दिवसांनी निघतात, आणि ते घराजवळच्या दवाखान्यात काढून चालेल का, हेही विचारा. जखम कोरडी असेल तर पट्टी घरी बदलण्याची रीत शिकून घेता येते. सांगितलेल्या रकमेत पुढची भेट धरली आहे की तिचे वेगळे पैसे पडतील, हे तारीख ठरवण्याआधीच लिहून घ्यावे.

बोट त्याच दिवसापासून हळूहळू पूर्ण मिटायचे आणि उघडायचे आहे. पट्टी इतकी जाड नसावी की ते जमणार नाही. घाबरून बोट गुंडाळून ठेवले की ते ताठरते आणि मग खरोखरच फिजिओथेरपीचा खर्च उभा राहतो. हलके काम बहुतेकांना काही दिवसांत जमते, पण ओझे उचलणे, फावडे किंवा हातोडा धरणे यासाठी काही आठवडे थांबावे लागते. तळहातातला व्रण सुरुवातीला दाबला की दुखतो. शक्य असेल तर काम कमी असलेल्या दिवसांतली तारीख मागून घ्या आणि मालकाला अंदाज आधीच द्या.

एका बाबतीत मात्र मजुरीचा विचार करू नका. दोन-तीन दिवसांनंतर वेदना कमी होण्याऐवजी वाढू लागल्या, बोट लाल होऊन सुजले, पू आला, ताप आला किंवा बोट सरळ करताना जीवघेणी कळ आली, तर त्याच दिवशी शल्यविशारदांकडे जा. कंडरेच्या म्यानातला जंतुसंसर्ग काही तासांत पसरू शकतो.